बाळंतपणानंतर दुर्बिणीचाच हट्ट कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते, आता रिटायर झालेय पण ओळखीपाळखीच्या लेकीसुना अजून विचारायला येतात आणि मुलं बंद करायच्या ऑपरेशनचं बहुतेकींचं ठरलेलं असतं, "टाक्याचं नको बाई, दीड महिन्याने दुर्बिणीचं करू." दुर्बीण म्हणजे भारी आणि टाके म्हणजे जुनाट असं कुणी डोक्यात भरवलंय देव जाणे.

बाळंतपण झालं की गर्भपिशवी बेंबीपाशी असते, म्हणजे दोन्ही बीजनळ्या वरच आलेल्या असतात. त्यामुळे पहिल्या 7 दिवसांत टाक्याच्या ऑपरेशनला बेंबीखाली दोन-तीन सेंटीमीटरचा छेद पुरतो, नळी बोटाने वर घ्यायची, वळसा करून विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधायची आणि वरचा तुकडा कापून टाकायचा, झालं. याच दिवसांत दुर्बीण घातली तर पोटात गॅस भरून जाडी सुई टोचताना मोठ्या पिशवीला इजा व्हायची भीती, शिवाय नळ्या सुजलेल्या असतात, त्यावर दुर्बिणीतून नळी बंद करायला घालतात ती रबरी रिंग नीट बसत नाही, कधी नळीच तुटून रक्त जातं. म्हणून तर दुर्बिणीला सहा आठवडे थांबवतात. सिझर असेल तर प्रश्नच नाही, पोट उघडलेलंच असतं, तेव्हाच नळ्या बांधून होतात.

अमेरिकेत 10 हजारांवर बायकांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला होता, 1996 ला छापून आलं. 10 वर्षांत बाळंतपणानंतर नळी कापलेल्या हजारात सात-आठ जणींना दिवस गेले, रिंगवाल्यांत सतरा-अठरा. दुर्बीण वाईट नाही हो, दुखतं कमी, त्याच दिवशी घरी, ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांनी खुशाल करावी. पण बाळंतिणीचा तो दीड महिना कधी येतच नाही! माहेरहून सासरी, मग ऊसतोड, आणि पाळी यायच्या आधीच दिवस राहतात, पुढच्या वर्षी पोट घेऊन परत वॉर्डात हजर.

आणि दुर्बिणीचे कॅम्प म्हणाल तर 2014 चं छत्तीसगडमधलं बिलासपूर आठवा, एका डॉक्टरने काही तासांत 83 ऑपरेशनं उरकली, तिथल्या कॅम्पांत 13 बायका गेल्या. दोष दुर्बिणीचा नव्हता, घाईचा आणि निष्काळजीपणाचा होता. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने असले कॅम्प बंद करायला सांगितले. (पुरुषांचं ऑपरेशन याहून सोपं, पण 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशात बायकांचं ऑपरेशन झालेलं 37.9 टक्के आणि पुरुषांचं 0.3, यावर काय बोलायचं.)

माझं म्हणणं एवढंच की हे सगळं सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला आल्यावरच समजावून सांगा, कॉपर टीचंही सांगा. कळा सुरू असताना कागद पुढे करून सही घ्यायची नाही असा नियमच आहे. आणि "यांना विचारून सांगते" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा, नवऱ्याची सही लागत नाही.

एक निवृत्त परिचारिका