पाळकबाई, बाविसाव्या अध्यायासाठी तुमचे आभार

आदरणीय पाळकबाई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

निरोपाच्या उपासनेत आभार मानायला उभी राहिले, पण शब्दच फुटेना. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

माझा पोरगा गेला त्या वर्षी जो येई तो अब्राहामाचं नाव काढी. ‘देव परीक्षा पाहून राहिला माय, अब्राहामासारखा विश्वास ठेव.’ माणसं मायेनंच बोलत होती. पण बायबलातल्या उत्पत्तीचा 22वा अध्याय मला वाचवेना. त्यात देव अब्राहामाला सांगतो, तुझा पोरगा इसहाक मला होमात अर्पण कर, आणि त्यानं सुरा उचलल्यावरच देवदूत त्याला थांबवतो. कापूस वेचून मी घरी आले की तुम्ही यायच्या, स्वतःच चहा मांडायच्या आणि मला बोलू द्यायच्या. एकदा मी विचारलं, या अध्यायात इसहाकाची माय सारा कुठं आहे? तिला कोणी विचारलं का? दुसरं कोणी असतं तर मला दटावलं असतं. तुम्ही अध्याय पुन्हा वाचलात आणि म्हणालात, ‘नाही. तिचं नावच नाही. पुढचा अध्याय तिच्या मरणानं सुरू होतो.’ माझ्या रागावर तुम्ही पांघरूण घातलं नाहीत.

मग आपण ओळ न ओळ वाचली. तिसऱ्या दिवशी दुरून दिसलेली ती जागा. होमाची लाकडं इसहाकाच्याच पाठीवर, आणि कोकरू कुठं आहे हा त्याचा प्रश्न. चाकरांना मात्र अब्राहाम सांगतो की आम्ही परत येतो. देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो एवढा त्याचा भरवसा, असं इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात आहे. यिर्मयाचा 7वा अध्यायही तुम्हीच काढलात. हिन्नोमच्या खोऱ्यात पोटची लेकरं जाळणाऱ्यांना देव म्हणतो, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. देवालाच माझं लेकरू हवं होतं, ही भीती मी आत धरून बसले होते. ती तिथं सुटली.

पण एक गोष्ट उरलीच. त्या मोरियाच्या डोंगरावर इसहाकाच्या जागी झुडपात एडका सापडला. माझ्या पोरासाठी काहीच सापडलं नाही. हे बोलले तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होत्या. मग रोमकरांस पत्राचं 8:32 वाचलंत. देवानं स्वतःच्या पुत्रालाही राखून ठेवलं नाही. येशूला वधस्तंभावर खिळलं त्या गोलगोथ्यावर कोणी हात धरला नाही, एडका आला नाही, आणि येशूनं ‘माझ्या देवा, माझा त्याग का केलास’ असा टाहो फोडला. देवानं जगावर एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला, हे योहान 3:16 मला संडेस्कूलपासून पाठ आहे, तरी त्यातल्या बापाकडे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं. ज्यानं लेकराचं मरण पाहिलं त्याच्याशी मला बोलता येतं. प्रार्थना पुन्हा सुरू झाली ती अशी.

पोरगा का गेला याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, ठाऊक असल्याचा आवही आणला नाहीत. त्याचे आभार सगळ्यात जास्त.

आमच्या महिला मंडळात आता एक बाई येते. कर्जापायी तिचा नवरा गेला. तिच्याकडे मी जाते, बसते. वचन अजून एकही सांगितलेलं नाही. परवा तिनंच नामीची गोष्ट काढली, नवरा आणि दोन्ही पोरं गमावलेल्या रूथच्या सासूची. बुधवारपासून आम्ही रूथचं पुस्तक वाचायला घेणार आहोत. नाताळात इकडे आलात तर आमच्यात बसा, तिला तुम्हाला भेटायचं आहे.

तुमची,
यवतमाळ जिल्ह्यातली एक बहीण