वारली चित्रांची घडी घालू नका

महोदय,
ठाणे-नवी मुंबईतल्या कला मेळ्यांत जव्हार, डहाणू, विक्रमगडचे वारली कलाकार येतात. तांदळाच्या पिठात डिंक कमी पडला तर पांढरा रंग भुकटी होऊन सुटतो, जास्त झाला तर घडीवर तडकतो. म्हणून गिऱ्हाइकाला चित्र जाड पुठ्ठ्याच्या नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून, वर बटर पेपर घालून गुंडाळून द्यावे. या नळ्या आयोजकांनीच पुरवाव्यात. शेणाने सारवलेल्या कापडाला ओलीत बुरशी धरते. पावसाळ्यात गाळ्याची मागची भिंत कोरडी हवी. आणि शेजारीच छापील नकला विकू देणे हा तर उघड अन्याय! वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे मूळ प्रदेशाशी जोडलेल्या नावाला कायद्याचे संरक्षण, आहे. अस्सल चित्रासोबत कलाकाराचे नाव आणि पाडा लिहिलेली चिठ्ठी सक्तीची करा.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे