कर्क नवा, स्पॉक आमचाच

महोदय,

‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या जुन्या अमेरिकी मालिकेच्या नव्या, सिनेमातल्या अवताराला नाकं मुरडणाऱ्यांत मीही होतो. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी, आंघोळ टाळून दूरदर्शनवर यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा साथीदार स्पॉक यांची ही मालिका पाहणारी आमची पिढी. त्यामुळे २००९ मध्ये दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स यांनी स्पॉकचा अख्खा व्हल्कन ग्रहच नष्ट केला, तेव्हा आजोळचं घर पाडल्यासारखं वाटलं. यानाची इंजिनरूम तर बिअरच्या कारखान्यात चित्रित केलेली (आणि दिसतेही तशीच!). पण नव्या गोष्टीसाठी काळाला वेगळा फाटा फोडून जुनी गोष्ट शाबूत ठेवली, ही युक्ती मात्र मानली. २०१३ चा भाग सोडून देऊ. त्यात खलनायक खानही जुन्या सिनेमातून उसना आणि अश्रूही.

२०१६ च्या ‘बियाँड’मध्ये तरुण स्पॉक जुन्या गोष्टीतून आलेल्या, आता दिवंगत थोरल्या स्पॉकच्या वस्तू उघडतो. आत जुन्या स्टार ट्रेकमधल्या सात जणांचा फोटो. थोरला स्पॉक साकारणारे लिओनार्ड निमॉय आदल्याच वर्षी गेलेले. चष्मा पुसायच्या निमित्तानं मी डोळे पुसले. शेजारून लेकानं हळूच विचारलं, “बाबा, हे कोण?” डोंबिवली येईपर्यंत सांगत होतो.

– एक जुना चाहता, डोंबिवली