डंडीच्या नटाविषयी भाऊकाकांना पत्र

डंडी, स्कॉटलंड
दि. 28 सप्टेंबर 2025

तीर्थरूप भाऊकाका यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काकूंच्या फोनवरून कळले की तुमच्या नातीने बारावीनंतर नाट्यशास्त्राला जायचे, आणि त्यातही आवाजाचे काम, म्हणजे डबिंग, निवेदन आणि श्राव्यपुस्तकांचे वाचन शिकायचे मनावर घेतले आहे, आणि त्यावरून घरात बराच खल चालू आहे. तुमचा आक्षेप काकूंनी सांगितला. नट रंगमंचावर उभा राहून घडतो, काचेच्या खोलीत मायक्रोफोनपुढे बसून घडत नाही, असे तुमचे म्हणणे आहे. गिरणीतली पाळी संपवून कामगार कल्याण केंद्राच्या नाट्यस्पर्धेच्या तालमीला धावणाऱ्या माणसाचे हे मत असणार, यात मला नवल वाटत नाही. तरीही, मी ज्या गावात नोकरी करतो त्याच गावात जन्मलेल्या एका नटाची कारकीर्द या प्रश्नाशी इतकी जवळून भिडते की ती तुम्हाला सविस्तर कळवावी असे वाटले. त्यांचे नाव ब्रायन कॉक्स. 'सक्सेशन' या मालिकेतला कोणालाच न जुमानणारा म्हातारा उद्योगपती लोगन रॉय तुमच्या नातीने पाहिला असेल. त्या भूमिकेने ते जगभर घरोघरी पोहोचले खरे, पण तेव्हा त्यांचे वय बहात्तर होते आणि त्यामागे सहा दशकांचे काम उभे होते.

आधी गावाविषयी सांगतो, कारण ते तुम्हाला लगेच ओळखीचे वाटेल. टे नदीच्या खाडीवरचे हे डंडी शहर तागाच्या गिरण्यांवर वाढले. ताग बंगालमधून जहाजाने येई, व्हेल माशाच्या तेलाने तो मऊ केला जाई आणि मग त्याचे सूत निघे. गिरण्यांत मुख्यतः बायका राबत, कारण त्यांना मजुरी कमी देऊन भागत असे, आणि काम नसल्यामुळे घर सांभाळणाऱ्या पुरुषांना गावाने 'किटली उकळणारे' असे नाव ठेवले होते. व्हरडंट वर्क्स नावाच्या जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे आणि तिथे पाहुण्यांना यंत्रे चालवून दाखवतात. एक यंत्र सुरू झाले तरी शेजारच्या माणसाचे बोलणे बुडून जाते. अशी यंत्रे रांगेने चालत त्या काळी बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणे ओळखत. तुम्ही आपल्या गिरणीच्या साचेखात्यातल्या खाणाखुणांविषयी सांगत असा, त्याची मला तिथे उभे असताना फार आठवण झाली.

कॉक्स यांची आई अशाच तागाच्या गिरणीत सूत कातायला जात असे. त्यांचा जन्म 1 जून 1946 चा, पाच भावंडांत सर्वांत धाकटे. वडिलांचे छोटे दुकान होते आणि गिऱ्हाइकांना उधार देत राहण्याचा त्यांचा स्वभाव होता. मुलगा आठ वर्षांचा असताना वडील स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले आणि मागे जवळजवळ काहीच उरले नाही. आईला त्या धक्क्यातून आणि दारिद्र्यातून मानसिक आजाराचे झटके येऊ लागले, तिला रुग्णालयात ठेवावे लागले, आणि या मुलाला मोठ्या बहिणींनी वाढवले. कॉक्स यांनी हे सारे मुलाखतींतून कसलीही लपवाछपवी न करता सांगितले आहे. वर्षअखेरीच्या रात्री वडील त्यांना पाहुण्यांपुढे उभे करीत आणि तो तीन-चार वर्षांचा मुलगा त्या काळच्या एका लोकप्रिय अमेरिकन गायकाची नक्कल करून दाखवी. माणसांनी भरलेल्या खोलीत आपल्यामुळे आनंद पसरतो, याची जाण त्यांना तिथेच आली, असे ते म्हणतात.

शाळेत विशेष चमक न दाखवलेला हा मुलगा चौदा वर्षांचा असताना डंडी रेपर्टरी थिएटरमध्ये, ज्याला सारे गाव नुसते 'रेप' म्हणते, नोकरीला लागला. रेपर्टरी म्हणजे पगारी नटसंच ठेवून एकापाठोपाठ एक नवी नाटके उभी करणारी गावची नाट्यसंस्था. एका नाटकाचे प्रयोग रात्री चालू असतात आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम होते. तिथे रंगमंच पुसणे, निरोप पोहोचवणे, पडेल ते काम करणे असे त्यांचे दिवस सुरू झाले, आणि मग लहान लहान भूमिका मिळू लागल्या. हा काळ मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा वाटतो. अभिनय ही प्रतिभावंतांना लाभणारी काही अद्भुत अवस्था असते, असा समज होण्यापूर्वीच अभिनय म्हणजे रोज वेळेवर येऊन करायचे काम आहे हे त्यांनी पाहिले, आणि ती कामगाराची शिस्त पुढे कधी सुटली नाही.

सतराव्या वर्षी ते लंडनच्या लामदा या नाट्यविद्यालयात गेले. इथे मला थोडे थांबावेसे वाटते. घरात पैसा नव्हता, डोक्यावर वडिलांचे छत्र नव्हते, आणि तरीही ते गेले, कारण शुल्क सरकारने भरले आणि वर राहण्या-खाण्यासाठी अनुदानही दिले. त्या पिढीतले ब्रिटनचे कितीतरी कामगारवर्गीय नट-नट्या याच वाटेने आले. आज ती वाट जवळजवळ बुजली आहे आणि आपल्यासारख्या मुलाला आता ही संधी मिळणार नाही, हे कॉक्स जाहीरपणे आणि पुष्कळ चिडून बोलत आले आहेत. मला त्यांचा हा राग अगदी रास्त वाटतो. घरचे पाठबळ असणाऱ्यांनाच नट होणे परवडू लागले, तर पडद्यावर गिरणीतली आई कोण उभी करणार?

लामदानंतर 1965 मध्ये एडिंबरोच्या रॉयल लायसियम थिएटरचा पहिला नटसंच उभा राहिला त्यात ते होते, मग बर्मिंगहॅम रेपर्टरीत गेले आणि 1967 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. 1971 मध्ये रशियाच्या शेवटच्या झारवरील चित्रपटात त्यांनी क्रांतिकारक नेता ट्रॉट्स्की केला. यानंतरची पंधराएक वर्षे नाटक, दूरचित्रवाणी आणि पुन्हा नाटक अशी गेली.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. 1986 मध्ये मायकेल मान या दिग्दर्शकाचा 'मॅनहंटर' हा चित्रपट आला आणि त्यात हॅनिबल लेक्टर हा नरभक्षक मनोविकारतज्ज्ञ पहिल्यांदा पडद्यावर दिसला. तो कॉक्स यांनी केला. अँथनी हॉपकिन्स यांचा जगप्रसिद्ध लेक्टर त्यानंतर पाच वर्षांनी आला. या भूमिकेच्या निवडचाचणीत कॉक्स यांना पाठ फिरवून संवाद म्हणायला लावले होते, कारण निवडणाऱ्यांना चेहऱ्याआधी आवाज ऐकायचा होता. चित्रपटातला त्यांचा पहिला प्रवेशही तसाच सुरू होतो. पांढऱ्याशुभ्र भिंती, पांढरे गज, पांढरे कपडे, आणि हा माणूस खाटेवर पाठ करून निजलेला. भेटायला आलेल्या तपास अधिकाऱ्याकडे वळूनही न पाहता, त्याने लावलेल्या अत्तराच्या वासावरून लेक्टर त्याला ओळखतो आणि शांतपणे बोलू लागतो. आवाज चढत नाही, शब्द दाबला जात नाही, आणि एखाद्या डॉक्टरने रुग्णाची सहज चौकशी करावी तितक्याच सुरात तो समोरच्या माणसाची झोप उडवून टाकतो. कॉक्स यांनी या भूमिकेसाठी पीटर मॅन्युएल या 1958 मध्ये ग्लासगोत फाशी गेलेल्या खुन्याचा अभ्यास केला होता. सगळ्या चित्रपटात ते जेमतेम काही मिनिटे आहेत, पण माझ्या मते ती मिनिटे हॉपकिन्स यांच्या गाजलेल्या कामाहून अधिक थंड आणि म्हणून अधिक खरी आहेत. त्या भूमिकेची जगाने तेव्हा फारशी दखल घेतली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

तुम्ही म्हणाल, हा आवाज आला तो रंगमंचावरूनच, आणि ते अगदी खरे आहे. लगेच 1987 मध्ये त्यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी डेबरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली टायटस अँड्रॉनिकस केला. हे शेक्सपिअरचे अतिशय क्रूर नाटक सहसा कापूनछाटून करतात, ते वॉर्नर यांनी एकही ओळ न गाळता उभे केले, आणि त्या कामासाठी कॉक्स यांना लंडनच्या रंगभूमीवरचे मानाचे ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. आपले रंगमंचावरचे सर्वोत्तम काम हेच, असे ते स्वतः मानतात. 1990 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये त्यांनी शेक्सपिअरचा राजा लिअर केला. लिअर म्हटला की आपल्याकडे गणपतराव बेलवलकरांची सावली मनात येतेच, पण कॉक्स यांचा राजा पहिल्या प्रवेशात चाकाच्या खुर्चीत बसून, मेजवानीच्या थाटात, हसतखेळत राज्य वाटून टाकणारा होता. याच सुमारास ते मॉस्कोला जाऊन तिथल्या आर्ट थिएटरच्या विद्यालयात रशियन विद्यार्थ्यांना शिकवत होते.

हॉलिवुडची वर्षे मी थोडक्यात सांगतो. 'ब्रेव्हहार्ट', 'एक्स-मेन'चा दुसरा भाग, 'ट्रॉय'मधला अ‍ॅगमेम्नॉन, 'बोर्न'चे चित्रपट, अशा कितीतरी ठिकाणी ते दुय्यम पण लक्षात राहणारे आहेत. 'न्यूरेंबर्ग' या मालिकेतल्या हरमान गोअरिंग या नाझी नेत्याच्या भूमिकेसाठी 2001 मध्ये त्यांना अमेरिकन दूरचित्रवाणीचे एमी पारितोषिक मिळाले. नायक होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा येईल ती भूमिका पूर्ण ताकदीने करावी, असे त्यांचे धोरण राहिले.

याच काळात त्यांनी नुसत्या आवाजाचीही कामे घेतली, आणि ती तुमच्या नातीने मुद्दाम ऐकावीत अशी आहेत. 2003 मध्ये 'मॅनहंट' नावाचा एक अतिशय हिंसक व्हिडिओ गेम निघाला. ज्या कंपनीने तो बनवला तिचा जन्म मुळात डंडीतच झालेला होता आणि पुढे ती एडिंबरोला गेली. त्या खेळात एक अदृश्य दिग्दर्शक खेळणाऱ्याच्या कानातल्या यंत्रातून सतत हुकूम सोडत असतो आणि त्याचा आवाज कॉक्स यांचा आहे. विचार करा, समोर नेपथ्य नाही, प्रकाश नाही, सहनट नाही, हात हलवून काही दाखवता येत नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे की हा माणूस आपल्याला पाहतो आहे, आपल्यावर खूश होतो आहे, आपल्याला फितवतो आहे. ही सगळी वळणे श्वासाच्या लांबीतून आणि वाक्य कुठे सोडायचे यातूनच आणावी लागतात. 2024 मध्ये टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मध्यभूमीच्या कथाविश्वावरच्या 'द वॉर ऑफ द रोहिरिम' या जपानी पद्धतीच्या अ‍ॅनिमेशनपटात हेल्म या राजाला त्यांनी आवाज दिला. त्यात तोच आवाज रणांगणावर गरजतो आणि मुलीशी बोलताना बापाचा होतो. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातींचे निवेदनही ते करतात, आणि तिथे बर्गरचे वर्णनही ते एखाद्या राजाज्ञेच्या गांभीर्याने वाचतात. काही लोकांना हे कमीपणाचे वाटते. मला तसे मुळीच वाटत नाही. ज्याने पंधराव्या वर्षाच्या आत रंगमंच पुसला, त्याला कोणतेही प्रामाणिक काम हलके वाटण्याचे कारण नाही.

लोगन रॉयची भूमिकाही मला याच आवाजाच्या साधनेचे फळ वाटते. 2018 ते 2023 या चार पर्वांत हा म्हातारा भडकतो तेव्हा घर हादरते, पण खरी भीती वाटते ती तो गप्प राहतो आणि मग अगदी हळू बोलतो तेव्हा. गंमत अशी की लोगनचा जन्म कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाला असे लेखकांनी आधी ठरवले होते, आणि पहिल्या पर्वाच्या अखेरीस ते बदलून डंडी केले. दुसऱ्या पर्वातला एक भाग इथल्या नदीकाठच्या नव्या व्ही अँड ए या डिझाइनच्या संग्रहालयात चित्रित झाला. 2020 मध्ये या भूमिकेला गोल्डन ग्लोब मिळाले. गावाने मात्र त्यांना त्याआधीच आपले मानले होते. इथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2010 मध्ये त्यांना रेक्टर, म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी, म्हणून निवडून दिले आणि ते सहा वर्षे त्या पदावर होते.

या जुलैत ते 'रेप'मध्ये परत आले. इमारत त्यांच्या लहानपणची नव्हे, ती 1963 मध्ये जळाली. आजची वास्तू 1982 ची आहे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या 2008 च्या पडझडीवरचे 'मेक इट हॅपन' हे नवे नाटक होते आणि त्यात एकोणऐंशी वर्षांचे कॉक्स अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांचे भूत झाले होते. मी तिकीट काढून गेलो होतो. माझी जागा मागच्या रांगेत होती, तरी त्यांचा एकही शब्द निसटला नाही. वाक्याचा शेवटचा शब्द बहुतेक नटांच्या तोंडून गळतो, त्यांचा तो नीट जागेवर येऊन पोहोचत होता. तुम्ही आम्हा मुलांना हेच सांगत असा, की शेवटचा शब्द शेवटच्या खुर्चीचा.

म्हणून माझी विनंती अशी आहे की रंगमंच की मायक्रोफोन असा वाद तिच्यापुढे मांडू नये. तिने पुण्याच्या ललित कला केंद्रात किंवा मुंबई विद्यापीठाच्या नाट्यविभागात रीतसर शिक्षणासाठी प्रयत्न करावा, सुट्टीत नेपथ्य उचलावे, विंगेत उभे राहावे, आणि सोबत डबिंगही शिकावे. 'मॅनहंट' तिच्या हाती देऊ नका आणि 'मॅनहंटर' तुम्ही आधी एकटे पाहा. हेल्म राजाचा चित्रपट मात्र दोघांनी बसून पाहावा, तिने डोळे मिटून आणि तुम्ही उघडे ठेवून. शिक्षणाच्या शुल्काची काळजी करू नये. अर्धा भार मी उचलतो, ते माझे आणि काकूंचे बोलणे झाले आहे. उच्चार आणि श्वास यांची तालीम तुम्ही स्वतः घ्यावी, कारण ते या घरात दुसरे कोणी शिकवू शकणार नाही. प्रवेशाच्या तारखा कळल्या की तिला मला लिहायला सांगा.

काकूंना साष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद. प्रकृतीस जपावे.

आपला,
आज्ञाधारक पुतण्या