मुरलीअण्णा, परदेशी पायलटला आत यायला दार उघडं, आमच्या पोराला बाहेर पडायला कुलूप?

मा. मुरलीधरअण्णा मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री
यांस सप्रेम नमस्कार.

अण्णा, मी कोथरूडचा, म्हणजे तुमचाच मतदार, बँकेतून रिटायर झालोय आणि मुलगा एअरबस 320 वर को-पायलट आहे. आता पायलट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पहिला पगार येतो, यांना काय रडायला झालं असं सोसायटीत तोंडावर म्हणतात, म्हणून आधीच सांगतो की बारामतीला फ्लाइंग करून लायसन्ससाठीचे 200 तास पूर्ण करेपर्यंत फ्लॅट गहाण पडला होता, टाइप रेटिंगचे, म्हणजे एकेका जातीच्या विमानासाठी घ्यायच्या ट्रेनिंगचे, पैसे परत वेगळे, मग दोन वर्षं पोरगं घरी बसून शेजारच्या मुलांना मॅथ्स शिकवत होतं आणि नोकरी लागली ती कंपनी बंद पडली. शेवटचे काही पगार अजून आलेले नाहीत, येतील असं मीही धरत नाही. आता दुसरीकडे आहे. रात्री पावणेतीनला पिकअपची गाडी येते, ही उठून चहा टाकते, मी गॅलरीतून गाडी बघतो, एवढंच आमचं विमानाशी नातं.

नाही, अजून एक आहे. त्याचं लॉगबुक, म्हणजे उडलेल्या तासांची नोंदवही. सगळं ऑनलाइन झालंय पण तो वहीतही लिहितो आणि महिनाअखेरची बेरीज मी पेन्सिलीने तपासतो, बँकेची सवय जात नाही. त्यामुळे मला हे कळलंय की पायलटचं सगळं तासांवर चालतं, पगाराचा मोठा भाग उडलेल्या तासांवर, कॅप्टन व्हायचं तर 1500 तास हवेत, आणि मोठ्या विमानावर जायचं तर कंपनीकडे मोठं विमान पाहिजे. 2024 मध्ये विस्तारा एअरलाइनच्या पायलटांना 70 तासांच्या पगाराची गॅरंटी काढून 40 ची देऊ केली तेव्हा एवढा गोंधळ का झाला, फ्लाइट का रद्द झाल्या, ते बाहेरच्याला कळत नाही, लॉगबुक तपासणाऱ्या बापाला लगेच कळतं.

आता मुद्दा. दुबईसाठी आपण दोन्हीकडच्या कंपन्यांना आठवड्याला प्रत्येक बाजूला साधारण 66 हजार सीट ठरवून दिल्यात आणि दुबईवाल्यांना अजून पाहिजेत. आपल्याकडून निघालेला प्रत्येक माणूस काही दुबई बघायला जात नाही, बरेच जण तिथे विमान बदलून लंडन न्यूयॉर्कला जातात, म्हणजे पॅसेंजर आपला आणि लांबच्या प्रवासाचे तास त्यांच्या पायलटच्या वहीत. दुबईच्या एमिरेट्सकडे अडीचशेच्या वर विमानं, सगळी वाइडबॉडी, म्हणजे लांब पल्ल्याची मोठी. तुम्ही कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळलाय, वजनगट न बघता जोड लावली तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. त्यात एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश फक्त आपल्या विमानांना बंद, आपण वळसा घालून जादा इंधन जाळतोय आणि बाकीचे सरळ जातायत.

पण खरं सांगू का, मला स्पर्धेचा राग नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

डँप लीज म्हणून प्रकार आहे, विमान परदेशी, कॉकपिटमधले पायलटही त्यांचेच, केबिन क्रू थोडाफार आपला आणि तिकिटावर नाव आपल्या कंपनीचं. इंडिगोने टर्किश एअरलाइन्सची 777 ही मोठी विमानं अशी घेतली, 2025 च्या जुलैपासून मुंबईहून मँचेस्टर आणि अ‍ॅमस्टरडॅमला नॉर्स या नॉर्वेच्या कंपनीची 787 अशीच सुरू झाली. टर्किशच्या विमानांना 31 ऑगस्ट 2025 ही शेवटची मुदत म्हणून सांगितली होती, ती पुढे फेब्रुवारी 2026 पर्यंत वाढली. कंपन्या म्हणतात आमच्याकडे मोठ्या विमानाचे कॅप्टन नाहीत. मान्य, कॅप्टन काही एका रात्रीत तयार होत नाही. पण भाड्याच्या पायलटने काम भागत असेल तर आपला तयार करायची घाई कुणाला असणार?

तेही सोडा. आपलाच पायलट परदेशात जायचं म्हणाला तर? 2017 पासून डीजीसीएचा, म्हणजे तुमच्याच खात्याच्या हवाई नियामकाचा नियम, कॅप्टनने बारा महिन्यांची नोटीस द्यायची आणि को-पायलटने सहा. कुठली परदेशी कंपनी वर्षभर वाट बघत बसते, सांगा. वर 2025 मध्ये आपल्या सरकारने आयकाओ या जागतिक हवाई वाहतूक संघटनेपुढे मांडलं की बाहेरच्या कंपन्या आमचे अनुभवी पायलट पळवतात, आचारसंहिता हवी. म्हणजे पॅसेंजरसाठी स्पर्धा चालेल, विमानासाठी चालेल, परदेशी पायलट इथे आला तरी चालेल, फक्त आमच्या पोराला कुणी चार पैसे जास्त देऊ केले की ती पळवापळवी!

आणि कंपनी बंद पडते तेव्हा पायलटला किती महिन्यांची नोटीस मिळते हो? जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 ला थांबली आणि सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायला सांगितलं 7 नोव्हेंबर 2024 ला. साडेपाच वर्षं लोक थकलेल्या पगाराचे कागद घेऊन फिरले. डिसेंबर 2025 चंही तसंच, पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम येणार हे आधीपासून माहीत होतं, रात्रीची लँडिंग सहाची दोन होणार होती, इंडिगोने माणसं भरली नाहीत, विमानतळांवर हाहाकार झाला आणि सूट मिळाली ती कंपनीला, 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत. इकडे 2023 या एका वर्षात 1622 नवीन कमर्शियल लायसन्स दिलीत, त्यातली किती पोरं आज उडतायत हे एकदा अधिकाऱ्यांकडून मागवून बघा.

माझं म्हणणं फार नाही. डँप लीजची मुदत वाढवायच्या आधी कंपनीला विचारा, मागच्या सहा महिन्यांत तुमचे किती पायलट 777 आणि 787 च्या ट्रेनिंगला पाठवले, यादी दाखवा, नसेल तर वाढ नाही. नोटीस पिरियड ठेवायचाच असेल तर दोन्हीकडून ठेवा, पायलटकडून सहा महिने घेता तर तेवढ्या महिन्यांचा पगार कंपनीने वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावा, बँकेत आम्ही किराणा दुकानदाराकडून सुद्धा तारण घ्यायचो. आणि दुबईच्या सीट वाढवायची वेळ आली तर टेबलावर एअरलाइनवाले असतील तसा पायलट संघटनेचाही एक माणूस बसू द्या.

शनिवारी मुंबईत एका गल्फच्या कंपनीची भरती आहे, मुलगा जाणार आहे. मी जा म्हणालो नाही, नको पण म्हणालो नाही.

आपला,
एका को-पायलटचा बाप, कोथरूड

ता. क. मेव्हणीला न्यू जर्सीला लेकीकडे जायचंय, तिचं तिकीट परवा मीच काढलं. दुबईमार्गे. थेट विमानाच्या आणि त्याच्या भाड्यातल्या फरकात माझं दीड महिन्याचं पेन्शन बसत होतं. मुलाला अजून सांगितलेलं नाही.