मातीचा बैल फाईलीत बसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रकलेच्या प्रकल्पातून मुलांची कल्पकता वाढवण्यावरचा लेख कालच्या अंकात वाचला. लेख चांगला आहे. पण सोबतच्या फोटोत सगळ्या पोरांच्या हातात वारली! वारली पालघर-डहाणूकडच्या आदिवासींची, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली. तिचा मान मोठाच आहे. पण आमच्या आर्वी तालुक्यातल्या पोरांनी 'स्थानिक कला' म्हणून मोबाईलवरून तिची नक्कल का करावी?

माझ्या नातवाला सहावीत 'आपला सण' हा प्रकल्प होता. पोळा तोंडावर आलेला. त्याने वावरातली काळी माती आणून बैल केला. वाळला तसा तडकला. आजी म्हणाली, मातीत कापूस मळ. मळला. मग वजनाने पाय बसले, तर पठ्ठ्याने स्वतःच आत तुराट्या घातल्या. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बाभळीच्या काट्यांची शिंगं, गुंजांचे डोळे, आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठाची झूल. चार दिवस पोरगं जेवायला हाक मारली तरी उठत नव्हतं.

बैल शाळेत गेला आणि त्याच दिवशी परत आला. "आबाजी, सर म्हणते, हा फाईलीत नाही बसत." मग झेरॉक्सच्या दुकानातून बैलाचं छापील चित्र आणलं, रंगवलं, चिकटवलं. पूर्ण गुण मिळाले. पोरांच्या तान्ह्या पोळ्याला त्याच मातीच्या बैलावर घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळाला, पण त्यानंतर पोराने मातीला हात लावलेला नाही.

वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली, तिथून हाताने काम करत शिकवणारी गांधीजींची नई तालीम निघाली. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलेतून शिकवा असंच म्हटलं आहे. सरांना एकट्याला दोष देववत नाही, त्यांच्याकडेही वरून फाईलच मागतात. माझं म्हणणं एवढंच, की तपासणाऱ्याने वर्गात येऊन वस्तू हातात घ्यावी आणि ती कशी केली ते पोराला विचारावं.

जाता जाता, गेल्या कोजागिरीला आपल्या पुरवणीत भुलाबाईच्या फोटोखाली 'भोंडला' छापलं होतं. भोंडल्यात मधे हत्ती असतो. आमच्या पोरी भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडून गाणी म्हणतात. मी तेव्हाही पत्र पाठवलं होतं. दुरुस्ती अजून छापून आलेली नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा