तक्त्यात झोपलेला, लॉगमध्ये जागा: जहाजवाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री, भारत सरकार, यांस
स. न. वि. वि.

माझा पुतण्या गेल्या आठवड्यात हाताला प्लास्टर घालून अमळनेर स्टेशनवर उतरला. आपल्याच झेंड्याच्या लहान मालवाहू जहाजावर तो सेकंड मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) आहे. सहा तास वॉच (जहाज चालवण्याची पाळी), सहा तास सुटी, वर रेडिओचं कामही त्याच्याच गळ्यात. पुढच्या बंदरात तिसरा मेट देतो, असा कंपनीचा शब्द होता. बंदरं आली नि गेली. शेवटी पेंगत जिना उतरताना पोरगा पडला. आता कंपनी म्हणते, विश्रांतीच्या तक्त्यात रोजचे 10 तास भरलेत, सबब चूक त्याची.

तो तक्ता मी पाहिला, साहेब. सकाळी साडेआठला गडी झोपलेला. आणि रेडिओ लॉगमध्ये त्याच साडेआठला डीएससीची (रेडिओवरून संकटाचा इशारा धाडणाऱ्या यंत्रणेची) चाचणी घेतल्याची त्याचीच सही! दोन वह्या शेजारी ठेवून बघायला चष्मा पुरतो, पण तपासणीला येणाऱ्यांना तेवढी फुरसत कुठली.

मी स्वतः रेडिओ ऑफिसर. खलाशी 'मार्कोनी साब' म्हणायचे. 1912 ला टायटॅनिक बुडताना जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकुलता एक रेडिओ ऑपरेटर झोपला होता. दीड हजार माणसं गेली, तेव्हा कुठे चोवीस तास कान लावून बसणारं कुणीतरी हवं हे जगाला पटलं. 1 फेब्रुवारी 1999 ला जीएमडीएसएस (जहाजांची स्वयंचलित संकट-संदेश व्यवस्था) पूर्ण लागू झालं आणि आम्ही घरी. डीएससीच्या इशाऱ्यांचा चॅनल 70 यंत्र ऐकतं, मान्य. अलार्म वाजल्यावर चॅनल 16 वर, तोंडी संकट-संदेशाच्या चॅनलवर, बोलायचं कुणी, यंत्रानं? तेव्हापासून मी पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतोय. कापसाला भाव नसला की शेतकरी उधारीवर मोटार नेतो आणि मी मुलीच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता चुकवतो. असो, तुम्हाला काय त्याचं.

नियम म्हणतो, विश्रांती फार तर दोन तुकड्यांत, त्यातला एक सलग 6 तासांचा. सहा-सहाच्या पाळीत जेवण, वॉच सोपवणं, बॅटरी तपासणं कुठे बसवायचं? तुमच्या मंत्रालयात हे गणित सोडवेल त्याला रावेरच्या केळीचा घड माझ्याकडून.

इकडे वादळात बाग आडवी होते तेव्हा पंचनामा टेबलावरच उरकतो, तिकडे समुद्रात जागा माणूस कागदावर झोपतो. सगळीकडे कागद धडधाकट, माणसाचं काहीही होवो.

किमान मनुष्यबळ ठरवताना रेडिओच्या कामाचे तास धरा. दोन मेटवर जहाज सोडू नका. पुतण्याच्या उपचाराचे पैसे कंपनीकडून मिळवून द्या. आणि 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' हे उत्तर नको. ते एका कार्यालयातून आधीच आलंय, पुतण्याचं नाव चुकवून.

आपला,
घरी बसवलेला एक रेडिओ ऑफिसर
अमळनेर, जि. जळगाव